टाकून द्या म्हणे!

जुन्या गाडीचं काम काढलंय असं मुंबईत कुणालाही सांगा, सल्ला एकच मिळतो. "काढून टाका साहेब, नवीन टाकू." ब्रेकचा सिलिंडर? नवीन टाकू. कार्ब्युरेटर? नवीन टाकू. दाराचं हँडल, काचेची बीडिंग, हॉर्नचं बटण, सगळं नवीन टाकू. अहो पण नवीन आहे कुठे? प्रीमियर पद्मिनी बनायची बंद होऊन पाव शतक होत आलं. तुम्ही ज्याला नवीन म्हणता तो कुठल्यातरी शेडमध्ये अंदाजपंचे ओतलेला, पिशवीत भरून स्टेपल मारलेला डुप्लिकेट माल आहे. आणि तो बसवण्यासाठी तुम्ही माझा चाळीस वर्षं चाललेला, फक्त धूळ आणि ग्रीसने माखलेला ओरिजिनल पार्ट भंगारात फेकताय!

आमची गाडी १९८२ची. बरं, सरकारच्या २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणायला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे आमची ना व्हिंटेज ना नवी, नुसतीच म्हातारी. सोसायटीचे सेक्रेटरी तिला 'ती वस्तू' म्हणतात. असो, त्यांच्यावर वेगळं लिहीन.

मुद्दा गॅरेजचा. मागच्या चाकांचे ब्रेक धरून राहत होते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आत ब्रेक दाबणारा छोटासा बिडाचा व्हील सिलिंडर, त्यात पिस्टन आणि रबराचे वायसर. एवढंच प्रकरण. आतून खड्डे पडले नसतील तर सिलिंडर धुवायचा, बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचा, नवं रबर किट घालायचं, संपलं. गॅरेजवाल्याने आधी 'सिलिंडरच नवीन टाकू' म्हणून पाहिलं. मी हटलो नाही. मग त्याच्या पोऱ्याने काय केलं? नवीन रबरं, बसवायच्या आधी स्वच्छ करायची म्हणून, डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवली. डिझेलच्या! ब्रेकच्या रबराला डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं, पिस्टन अडकतो, ब्रेक सुटत नाही आणि ड्रम तापतो. म्हणजे जो आजार घेऊन गाडी नेली तोच आजार त्यांनी नव्या किटसकट परत बसवून दिला, वर मजुरी घेतली. ही रबरं ब्रेक ऑइलनेच धुवायची असतात, हे किटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं हो. वाचायला कुठे पैसे पडतात?

कार्ब्युरेटरची कथा तर ऐकूच नका. नाही, ऐकाच. हा इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देतो. पेट्रोल ज्या बारीक भोकांतून जातं ते आतले जेट पितळेचे असतात आणि त्यावर आकडा कोरलेला असतो. तो आकडा म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. एवढ्या बारकाईने पाडलेल्या भोकात या महाशयांनी क्लचच्या केबलची स्टीलची तार घालून 'साफ' केलं. माझ्यासमोर, विडी तोंडात धरून. पितळ मऊ, तार कडक, भोक मोठं. मग पेट्रोल जास्त जातं, प्लग काजळतो, मागून काळा धूर निघतो. तक्रार केली तर म्हणे, "जुनी गाडी आहे साहेब, ॲव्हरेज असंच देणार." जेट थिनरमध्ये भिजवायचा आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची, बस्स. कॉम्प्रेसर त्याच्या गॅरेजमध्ये दोन हातांवर होता, टायरला हवा भरायला!

आणि जिथे खरंच जुना पार्ट ठेवायचा तिथे हे लोक हातोहात बदलतात. प्लगांना करंट वाटून देणारा तो डिस्ट्रिब्युटर, त्याचा कंडेन्सर ठणठणीत होता. हा बिघडला की ठिणगी नीट पडत नाही. "सर्व्हिसिंगमध्ये बदलतोच आम्ही." बदलला. नवीन कंडेन्सर थंड असताना छान चालतो, तापला की मान टाकतो. सायनच्या सिग्नलला, दुपारी, मागे बेस्टची बस, आणि गाडी बंद. बस ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. अर्ध्या तासाने इंजिन निवलं आणि काहीच झालं नसल्यासारखी गाडी सुरू झाली. जुना कंडेन्सर परत मागायला गेलो तर उत्तर मिळालं, "तो काय, भंगारवाला घेऊन गेला."

इथे माझं डोकं खरं फिरतं. गाडी देताना मी डबा दिला होता. वर चिठ्ठी चिकटवली होती, 'निघालेलं सगळं सामान यात ठेवणे'. डबा रिकामा परत आला. बोल्टसुद्धा नाहीत. आता बोल्ट म्हटलं की लोक हसतात, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात वाट्टेल तो बोल्ट मिळतो म्हणतात. मिळतो, शंभर टक्के मिळतो. पण नागदेवीतला दुकानदार पहिला प्रश्न काय विचारतो? "नमुना आणलाय का?" आटे बारीक की जाड, लांबी किती, डोकं केवढं, हे त्याला नमुन्यावरूनच कळतं, आणि नमुना तर किलोच्या भावाने गेला! मग गॅरेजवाला हाताला लागेल तो बोल्ट पान्याने दामटून बसवतो, आटे खाऊन टाकतो, आणि पुढच्या वेळी सांगतो की इथलं नटच नवीन वेल्ड करावं लागेल. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो गॅरेजवाला बरोबर सांगतोय. उंदराला मांजर साक्ष.

ही गाडी बनली कुर्ल्यात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्याच कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या भंगाराच्या दुकानांतून मी आता दाराचं एक हँडल शोधत फिरतो. टॅक्सीवाले होते तोवर माल होता. हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी रोज पळत होत्या, त्यांना किंगपिन लागायचे, बुश लागायचे, म्हणून कुणीतरी बरा माल बनवत होतं. टॅक्सीला मुंबईत वीस वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली २००३च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तोही कारभार आटोपला. लोकांनी फोटो काढले, गहिवरले, स्टेटस ठेवले. सामानाचं काय, ते कुणी विचारलं नाही. आता दुकानात 'फियाट' (पद्मिनीला सगळे अजून फियाटच म्हणतात) म्हटलं की पोरगा आत जाऊन मालकाला विचारून येतो.

शेवटी हँडल मिळालं. जुनं, पिठासारखी पांढरी बुरशी चढलेलं, पण ओरिजिनल आणि वजनदार. भाव ऐकून मी दोनदा विचारलं. गॅरेजमधून किलोने गेलेला माल इथे नगाने विकत घ्यायचा! कोण जाणे, माझंच असेल. घरी आणून साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं, जुन्या टूथब्रशने घासलं, मेटल पॉलिश लावलं. तासाभराच्या कामात चकाकलं. याच्या जागी मला जे 'नवीन' दिलं होतं ते हलक्या धातूचं होतं, दुसऱ्या आठवड्यात हातात आलं.

मी काही जुन्याचा आंधळा भक्त नाही. ब्रेकचे होज पाईप, पेट्रोलचे रबरी पाईप, तडकलेल्या वायरी हे डोळे मिटून बदलायचंच, त्यात कंजुषी म्हणजे जिवाशी खेळ. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते या जुन्या रबरांना आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या रबरी पडद्याला मानवत नाही. रबर बदला ना, कोण नको म्हणतंय! माझं भांडण धडधाकट लोखंड आणि पितळ फेकण्याशी आहे. धुवायला वेळ लागतो, वेळेचे पैसे मागायला तुम्हाला लाज वाटते, आणि नवीन पार्टवर कमिशन सुटतं. मला सरळ सांगा की धुण्याचे इतके होतील. देतो की! हात काळे करायला कुणी तयार नाही, बिल काळं करायला सगळे तयार.

बंपरचं तर विचारूच नका. क्रोम टिकायचं तर आधी तांबं, मग निकेल, मग वर क्रोमचा पातळ थर, अशी पद्धत असते. आमच्या क्रोमवाल्याने खालचं सगळं गाळून थेट वरचा मुलामा चढवला, तोही बफिंग करताना बंपरच्या कडा गोल करून. मुंबईची खारी हवा आणि पहिला पाऊस, दोघांनी मिळून महिन्यात तपकिरी पुरळ उठवलं. आता दुसऱ्याकडे दिलाय. तो माणूस बरा वाटतोय, तांब्याची टाकी उघडून दाखवली त्याने. कधी देणार विचारलं तर म्हणाला, गणपतीनंतर. यंदाच्या का, ते काही बोलला नाही.