शुद्धीवर येताना हातपाय झाडले, म्हणजे भूल बिघडली?

"ऑपरेशननंतर पेशंट आरडाओरडा करत उठला तर समजावं, भूल कमी पडली. नाहीतर तो चोरून पिणारा आहे. हुशार भूलतज्ज्ञ हे आधीच ओळखतो. आणि त्या वेळी पेशंट जे बोलतो ते अगदी मनातलं खरं!" असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मी स्वतः भूल देते, आणि माझ्याच मावशीने तो मला 'खरं का गं?' म्हणून पाठवला. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

भूल कमी पडली? भूल कमी पडून ऑपरेशनमधलं काही जाणवणं ही वेगळी, फार क्वचित घडणारी गोष्ट आहे, आणि तसं झालेल्याला ते पुढे आठवू शकतं. भूल उतरताना धिंगाणा घातलेल्याला मात्र बहुतेक वेळा काहीच आठवत नाही. हातपाय आधी जागे होतात, भान मागून येतं, एवढाच तो प्रकार. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या मुलांत तो जास्त दिसतो. सेवोफ्ल्युरेन किंवा डेसफ्ल्युरेन या वायूरूप भुलीनंतर जास्त, शिरेतून दिलेल्या प्रोपोफॉलनंतर कमी. नुसत्या एमआरआयसाठी सेवोफ्ल्युरेन दिलेलं मूलही कधी किंचाळत उठतं. तिथे ना चिरा ना टाका, मग कमी काय पडलं?

दारूच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो घातक. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर तो बेचैन होतो, पण ते बहुधा शेवटच्या घोटानंतर काही तासांनी सुरू होतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या रिकव्हरी रूममध्ये माझ्यासमोर झटापट करणारा माणूस बऱ्याचदा एकच वाक्य घोकत असतो: "लघवीला जायचंय, सोडा मला." भुलीत असताना घातलेली लघवीची नळी त्याला जाग येताच टोचते, आणि पुरुषांना जरा जास्तच. नाकाच्या ऑपरेशननंतर दोन्ही नाकपुड्यांत पॅक, म्हणजे पट्टीचा बोळा, असतो, माणसाला गुदमरल्यासारखं होतं. 1961 मध्ये भूलतज्ज्ञ एकेनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुदमरण्याकडे बोट दाखवलं होतं. दुखणं तर आहेच. पण सगळ्यात आधी बघायचा तो ऑक्सिजन. ऑक्सिजन कमी पडला, साखर उतरली किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला, तरी माणूस असाच झटापट करतो. तिथे 'बेवडा दिसतोय' म्हणून वॉर्डबॉय मामांना हात धरायला लावले आणि झोपेचं इंजेक्शन टोचलं, तर जिवावर बेतू शकतं.

आधीच ओळखता येतं? अंदाज येतो, भाकीत नाही. मोठ्यांमधल्या अभ्यासांत असं बेचैन होऊन उठण्याचं प्रमाण कुठे 5 टक्क्यांच्या आसपास, तर कुठे 20 च्या वर. कारण 'बेचैन' कुणाला म्हणायचं यावरच एकमत नाही. मुलांसाठी सिकिच आणि लर्मन या संशोधकांनी 2004 मध्ये एक मोजपट्टी दिली: पाच निरीक्षणं, प्रत्येकी 0 ते 4 गुण, एकूण 20. मूल नजरेला नजर देतं का, आजूबाजूचं भान आहे का, असं त्यात बघतात. पण ती लावायची मूल उठल्यावर. आधी माझ्या हातात असते ती फक्त तयारी. चार वर्षांचं, ऑपरेशन थिएटरच्या दारातच रडणारं, टॉन्सिलचं पोर असेल तर मी शेवटी थोडं प्रोपोफॉल देते किंवा डेक्समेडेटोमिडीन या शांत करणाऱ्या औषधाचा विचार करते. 2014 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) अशा औषधांचा फायदा दिसला. जाग येताना आईबाबा जवळ असण्याचा मात्र दिसला नाही. तरी मी आईला आत बोलावते. आकड्यासाठी नाही, बाहेर दाराला कान लावून उभ्या असलेल्या त्या बाईसाठी.

मनातलं खरं? छे. भान नसताना 'माझी म्हैस सोडा' म्हणणाऱ्याच्या घरी म्हैस असतेच असं नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मावशीला मुद्दाम सांगितली, कारण काकांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. उठतानाचा गोंधळ बहुधा अर्ध्या तासाच्या आत निवतो. म्हातारं माणूस नीट उठलं, घरच्यांशी बोललं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री माणसं ओळखेना, किंवा उगाच गप्प गप्प झालं, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा सकाळच्या राऊंडची वाट न बघता सिस्टरना लगेच उठवायचं. आणि काकांचा चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीत आठवणीने घ्यायचं.