चोरीचा फोन, पंधरा आकडे आणि चोवीस तासांचे आश्वासन

मोबाइल चोरीला गेल्यास काय करावे हे सांगणारा एक संदेश गेली अनेक वर्षे फिरतो आहे. सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, नातेवाइकांच्या अशा प्रत्येक गटात तो कधी ना कधी येऊन जातो. त्याचा आशय असा: स्टार-हॅश-०६-हॅश दाबल्यावर दिसणारा १५ आकडी क्रमांक लिहून ठेवा, फोन चोरीला गेला की तो क्रमांक, आपले नाव, पत्ता आणि फोनचे मॉडेल दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवा, पोलीस ठाण्यात जाण्याची गरज नाही, चोराने नंबर बदलला तरी जीपीआरएस आणि इंटरनेटच्या साहाय्याने २४ तासांत फोनचा ठावठिकाणा लागेल. यातले पहिले विधान खरे आहे आणि त्याच्याच भरवशावर उरलेली विधाने खपून जातात.

आधी तो पत्ता पाहू. तो ‘व्हीएसएनएल’च्या नावाचा आहे. व्हीएसएनएल म्हणजे विदेश संचार निगम, ही एकेकाळची सरकारी दूरसंचार कंपनी. तिचे नियंत्रण केंद्र सरकारने २००२ मध्ये टाटा समूहाकडे सोपवले आणि २००८ मध्ये त्या कंपनीचे नावही बदलले. संदेश किती जुना आहे, हे एवढ्यावरूनच कळावे. शिवाय माहितीच्या चोरीची धास्ती घेतलेल्या माणसाने आपले नाव, पत्ता आणि फोनचा क्रमांक स्वतःहून एका अनोळखी टपालपेटीत टाकावा, हा सल्ला मुळातच उफराटा आहे.

पोलीस ठाण्यात जाण्याची गरज नाही, हे विधान त्याहून अधिक नुकसान करणारे आहे. हा क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटची स्वतंत्र ओळख असलेला आयएमईआय, देशभर रोखण्याची, म्हणजे त्या फोनला कुठेच नेटवर्क न मिळू देण्याची, सरकारी सोय आज आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ती प्रथम महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवर सर्वांसाठी खुली झाली. मात्र तिथे अर्ज करताना पोलीस तक्रारीची प्रत जोडावीच लागते. ठाण्यात गेल्यावर पुष्कळदा चोरीऐवजी ‘गहाळ’ असा दाखला हाती ठेवला जातो. फोन रोखण्यासाठी तोही चालतो, पण गहाळ वस्तूचा तपास आणि गुन्ह्याचा तपास यांत फरक पडतो. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून फोन पाडणाऱ्या फटका टोळीचे कृत्य हे ‘गहाळ होणे’ नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली याचाही वाद घालण्याचे कारण नाही, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा विचार न करता खबर घ्यावी लागते. त्याच कलमाने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खबर देण्याचीही मुभा दिली आहे, मात्र खबर देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. संदेशातल्या दाव्याला सत्याच्या सर्वांत जवळ नेणारी तरतूद हीच, आणि तीही ठाण्याला वगळून पुढे जात नाही.

आता चोवीस तासांविषयी. जीपीआरएस ही जुन्या टूजी नेटवर्कवरून डेटा वाहून नेण्याची पद्धत आहे, तिचे काम ठिकाण शोधण्याचे नाही. बहुधा ठिकाण दाखवणाऱ्या जीपीएसशी झालेल्या नामसाधर्म्याच्या घोटाळ्यातून ती या संदेशात शिरली असावी. आयएमईआय स्वतःहून कुठलाही संकेत पाठवत नाही. फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा तो क्रमांक नेटवर्कपुढे येतो आणि रोखलेल्यांच्या यादीत असल्यास फोनला सेवा नाकारली जाते. अर्ज दाखल झाल्यावर साधारण २४ तासांत हे रोखणे अमलात येते. संदेशातला आकडा योगायोगाने बरोबर आहे, पण तो फोन बंद पाडण्याचा आहे, सापडण्याचा नाही. पुढे कोणी त्या फोनमध्ये सिम घातले, तर कोणत्या नंबरवरून प्रयत्न झाला याची माहिती पोलिसांकडे जाते आणि तिथून खरा तपास सुरू होतो. तो नंबर बहुतेक वेळा चोराचा नसतो. परजिल्ह्यात स्वस्तात फोन घेतलेल्या एखाद्या माणसाचा असतो. फोन सुटे भाग करून विकला गेला, देशाबाहेर गेला किंवा त्याचा क्रमांकच बदलला गेला, तर ही साखळी तुटते. क्रमांक बदलणे हा गुन्हा आहे, पण तो घडतो.

या संदेशावर माझा मुख्य आक्षेप मात्र त्यात जे सांगितलेलेच नाही त्याबद्दल आहे. सगळे लक्ष फोन शोधण्याकडे वळवून तो पहिले काही तास वाया घालवतो, आणि नेमक्या त्याच तासांत सिम चोराच्या हाती असते. स्क्रीनला लॉक असले तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते आणि मग बँकेचे, ई-मेलचे, व्हॉट्सअ‍ॅपचे ओटीपी तिथे येऊ लागतात. यूपीआयचा पिन डेबिट कार्डाच्या आधारे नव्याने ठरवण्यासाठी कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते. ते कार्ड आपल्याकडे किती जण फोनच्याच कव्हरमध्ये खोचून ठेवतात, हे दुकानाच्या गल्ल्यापाशी दोन मिनिटे उभे राहिल्यास दिसते. म्हणून प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करावे, मग बँकेला कळवून यूपीआय थांबवावे, आणि पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा, की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक जपून ठेवणे आवश्यक ठरते.

याहून सोपा उपाय चोरीच्या आधीचा आहे आणि तो फारच थोडे लोक करतात. फोनच्या सेटिंगमध्ये सिमला पिन लावता येतो. मूळ पिन सिम देणाऱ्या कंपनीकडून विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि ते सोडवणारा पीयूके क्रमांक कंपनीकडून मिळवावा लागतो. पिन असलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यास पिनशिवाय चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन आणि लॉक स्क्रीनवर ओटीपी न दिसण्याची व्यवस्था याच बैठकीत उरकून घ्यावी. पंधरा आकडी क्रमांक लिहून ठेवण्यालाही माझी हरकत नाही, फक्त तो खोक्यावर आणि बहुधा बिलावरही छापलेला असतोच. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात आणि दोन्ही रोखावे लागतात.

या संदेशाचे एक भावंड चोरीनंतर काही दिवसांनी येते: ‘तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी येथे दाबा.’ हरवलेला फोन दुरून लॉक करताना त्याच्या पडद्यावर संपर्कासाठी आपणच जो नंबर दाखवलेला असतो, त्यावर तो पाठवला जातो आणि दुवा उघडल्यावर फोनशी जोडलेल्या अ‍ॅपल किंवा गुगल खात्याचा पासवर्ड किंवा फोनचे लॉक विचारले जाते. लॉक न उघडलेल्या फोनला बाजारात सुट्या भागांपुरतीच किंमत येते, म्हणून तो पासवर्ड हवा असतो.