आधी लाइन, मग लॉज

मुंबईला चार दिवस जायचं ठरलं की हॉटेल शोधायच्या आधी एक फोन यावाच लागतो. "हॉटेल कशाला रे? पैसे वर आलेत का? आमच्याकडे उतरा की!" फोन विरारहून असतो. त्यातला आग्रह शंभर टक्के खरा असतो. "तासाभरात दादरला पोचशील" हे मात्र गाडीत शिरता आलं तर. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आहे. पुण्याहून लोणावळाही जवळपास तेवढंच. स्वारगेटला काम असलेल्या पाहुण्याला पुण्यातलं कुणी लोणावळ्यात उतरवत नाही, पण मुंबईकर नातेवाईक विरारला उतरवतात आणि वर आपण नको म्हटलं तर रुसतात.

तर हॉटेल. खरं म्हणजे आपल्याकडे हॉटेल म्हणजे जिथे मिसळ मिळते ते. राहायचं ते लॉज. पण "लॉजवर उतरू" म्हटलं की घरातल्या चेहऱ्यांवर जे काही उमटतं ते बघून माणूस मुकाट्याने "हॉटेल" म्हणतो आणि मोबाइल उघडतो.

मोबाइलमध्ये "मुंबई" टाकलं की स्वस्तात स्वस्त खोल्या आधी येतात, आणि त्या मीरा रोड, वसई, पनवेल इथल्या असतात. खाली बारीक अक्षरांत "शहराच्या मध्यापासून अमुक किलोमीटर". कोणता मध्य? मुंबई दुधीसारखी लांबोडकी आहे. तिला मध्य नाही, लाइनी आहेत: वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, आणि आता जमिनीखालून मेट्रो ३. म्हणून माझा हट्ट असा, की भाडं बघायच्या आधी एक कागद घ्यावा. चार दिवसांतली कामं त्यावर लिहावीत, प्रत्येक कामापुढे स्टेशन लिहावं, आणि स्टेशनापुढे पूर्व की पश्चिम तेही. ज्या लाइनीवर जास्त कामं, त्या लाइनीवर खोली. कागद न करता बुकिंग करणारा माणूस मुलुंडला स्वस्त खोली घेतो आणि चारही दिवस बोरिवलीला जातो.

पूर्व-पश्चिम हे प्रकरण बाहेरच्या माणसाला कळायला फार वेळ लागतो. पुण्यात किंवा नागपुरात स्टेशनाची मागची बाजू म्हणजे मागची बाजू. मुंबईत ते वेगळं गाव आहे. "स्टेशनपासून ३०० मीटर" हे अंतर ॲप सरळ रेषेत मोजतं. मधले रूळ त्याला दिसत नाहीत. आपल्याला दोन बॅगा, एक आजी आणि एक पिशवी घेऊन जिना चढायचा असतो, पूल ओलांडायचा असतो, समोरून येणारा लोंढा अंगावर घ्यायचा असतो आणि परत जिना उतरायचा असतो. तेव्हा नकाशात हॉटेलच्या नावावर बोट ठेवून समाधान मानू नये. स्टेशनातून चालत जायचा रस्ता काढून बघावा. ३०० मीटरचे ९०० होतात ते तिथेच दिसतं.

टॅक्सीने जाऊ म्हणाल, तर गाड्यांचे पूलही आपल्या सहलीची वाट बघत उभे नसतात. सायनचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये वाहनांना बंद झाला, प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये; दोन्ही पाडून नवे बांधायचे म्हणून. प्रभादेवीतून केईएम रुग्णालयात जायला रूळ ओलांडले की झालं, पण ते पायी. गाडीला वळसा. हॉटेलच्या पानावर मात्र "केईएमपासून पाच मिनिटं" हे वाक्य जुन्या पुलावरूनच येत-जात राहतं.

रिक्षाचंही तेच. वांद्रे आणि सायनच्या अलीकडे, म्हणजे खाली शहरात, रिक्षा येत नाही. माहीमला उतरलेल्या माणसाने रिक्षाला कितीही हात केला तरी ती यायची नाही, कारण तिथे ती नाहीच. शहरात काळी-पिवळी. तिचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे, रिक्षाचं २६.

आता गाडी कुठे सोडते ते बघा. कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ, मराठवाड्याची देवगिरी सीएसएमटीला येतात. बऱ्याच गाड्या मात्र लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात, ज्याला सगळे कुर्ला टर्मिनस म्हणतात आणि जिथून कुर्ला स्टेशनपेक्षा हार्बरचं टिळकनगर जवळ पडतं. वांद्रे टर्मिनसही वांद्रे स्टेशनात नाही. लोकलने जायचं तर खारला उतरून पुलावरून चालत जाणं सोयीचं. फक्त रात्र काढायची असेल तर टर्मिनसजवळ उतरावं. चार दिवस तिथे राहिलात, तर रोज सकाळी आधी मुंबईत जावं लागतं.

दुसरं, दिशा. सकाळी गर्दी दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. अंधेरीत राहून सकाळी नऊला चर्चगेटकडे निघालात तर सगळी अंधेरी तुमच्याबरोबर निघते. फोर्टात राहून त्याच वेळी अंधेरीकडे निघालात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता बरी. भाडं थोडं जास्त देऊन दक्षिणेला राहावं असं मी म्हणतो, त्यामागे समुद्राचं प्रेम कमी आणि या उलट्या प्रवाहाची लालूच जास्त आहे.

गणितही करून बघा. समजा अंधेरीची खोली फोर्टापेक्षा रात्रीला ७०० रुपयांनी स्वस्त आहे. कामं फोर्टात. लोकलला घाबरून मंडळींनी टॅक्सी केली, तर पंचवीसेक किलोमीटरला एका बाजूचे पाचशेच्या वर. जाऊन-येऊन हजार गेले, आणि वाचलेले सातशे आपण मोठ्या अभिमानाने रात्री फोनवर विरारला सांगतो.

मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, ३३.५ किलोमीटर, आणि तिने हे गणित बरंच हलवलं. विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, बीकेसी, सिद्धिविनायक, दादर, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एका लाइनीवर आलं. मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते. पूर्वी मरोळला उतरणं ही शिक्षा होती, आता ती कल्पना बरी वाटते. तरी पहिला नंबर माझ्या मते दादरचाच. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही इथे मिळतात, मेट्रो आहे, पुण्याच्या बसगाड्या इथून सुटतात आणि जेवायची आबाळ होत नाही. खोल्या लहान, रस्त्यावर आवाज भरपूर. पण झोपायला कोण मुंबईला जातं?

खोलीचं भाडं सांगतात ते कराशिवाय. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे २,००० ची खोली २,१०० ला पडायला हवी. मग जास्तीची गादी, मग मुलाचं वय. "चाइल्ड फ्री" म्हणजे किती वर्षांपर्यंतचं चाइल्ड, हे आधी विचारावं, कारण काउंटरवर सात वर्षांच्या मुलाला "पाच सांग" म्हणून चिमटा काढला, की ते नेमकं मोठ्याने "पण बाबा..." म्हणतं. नाश्ता फुकट असेल तर किती वाजता तेही विचारावं. आठला सुरू होणारे पोहे सात वाजता निघणाऱ्या माणसाच्या नशिबात नसतात, भाड्यात मात्र असतात. बाकी डीलक्स आणि सुपर डीलक्समधला फरक माझ्या समजुतीप्रमाणे असा: डीलक्समध्ये फ्रिज असतो आणि सुपर डीलक्समध्ये तो चालू असतो.

फोटोंवर जाऊ नये. कोपऱ्यात उभं राहून रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत पलंगाभोवती फुगडी घालता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात बॅग उघडायची तर एकाने पलंगावर चढून बसावं लागतं. पाच तारेवाले अभिप्राय नातेवाइकांचे आणि एक तारेवाले भांडून गेलेल्यांचे, असं धरून चालावं. तीन तारेवाले वाचावेत, तेही अलीकडच्या महिन्यांतले. त्यात लिफ्ट, गरम पाणी आणि ढेकूण हे तीन शब्द शोधावेत.

आणि मग फोन करावा, थेट काउंटरवर. "खिडकी आहे का?" एवढंच विचारून उपयोग नाही.

"खिडकी आहे का?"

"है ना साहब."

"उघडते कुठे?"

इथे जो क्षणभर शांतपणा पसरतो, त्यात सगळं उत्तर आलं. खिडकी डक्टमध्ये उघडते. म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप, एसीची गरम हवा आणि खालच्या किचनमधली फोडणी. पुढचे प्रश्न भराभर: गरम पाणी दिवसभर की सहा ते नऊ? लिफ्ट तळमजल्यापासून आहे ना? फोर्टात जुन्या इमारतींत हॉटेल तिसऱ्या मजल्यावर असतं आणि लिफ्टसाठी आधी दहा पायऱ्या चढाव्या लागतात. चेक-इन बाराला की चोवीस तासांचा हिशेब? रात्रीच्या गाडीने सकाळी सातला उतरणाऱ्याला चोवीस तासवालं सोन्यासारखं. ते नसेल तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचा विचार करावा. त्याला कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं, मूळ. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि आधारवर मुंबईचाच पत्ता असेल तर काही काउंटरवर "लोकल आयडी नहीं चलेगा" ऐकावं लागतं. आपल्याच शहरात आपण संशयित.

खोलीत शिरल्यावर बॅग टेकवायची नाही. बॅग टेकली की खोली पसंत, असा अलिखित कायदा आहे. पोऱ्या किल्ली घेऊन दारात उभा असेतोवर नळ सोडून बघायचा, फ्लश ओढायचा, एसीखाली हात धरायचा, गादीचा कोपरा उचलून शिवणीत काळे ठिपके आहेत का ते बघायचं. मग "सिटी व्ह्यू" लिहिलेल्या त्या खिडकीचा पडदा सारायचा. समोर हातभर अंतरावर भिंत, भिंतीवर पाइप, पाइपावर कबुतर.

"साहब, सामान रख दूँ?" पोऱ्या विचारतो.