‘प्लॅटफॉर्म आणा, सहकार्य आपोआप येईल’ हे खरं नाही

व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: संस्थेची संस्कृती वगैरे गप्पा पुरे झाल्या. सगळ्यांना एका चांगल्या प्लॅटफॉर्मवर आणा, माहिती खुली करा, अडलेले प्रश्न बाहेरच्यांसमोर ठेवा, बक्षीस लावा. सहकार्य आणि नवे शोध आपोआप येतील, ओपन सोर्सवाल्यांनी, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला ठेवून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी, हे सिद्धच केलंय. या दाव्याच्या भरवशावर खरेदीचे निर्णय होतात. पुढे प्लॅटफॉर्म ओस पडला की दोष जातो कर्मचाऱ्यांच्या ‘मानसिकते’ला. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं, म्हणून या दाव्यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देत आहे.

पहिला मुद्दा: प्लॅटफॉर्म दिला की माहिती वाहू लागते.

याची परीक्षा कधीच होऊन गेली आहे. एका मोठ्या सल्लागार कंपनीने हजारो लोकांसाठी लोटस नोट्स घेतलं. त्या काळात ते एकत्र काम करण्यासाठीचं सर्वांत पुढारलेलं सॉफ्टवेअर होतं. कंपनीत त्यानंतर काय घडलं याचा एमआयटीच्या वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी अभ्यास केला आणि १९९२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. कंपनीचं खरं नाव त्यात दिलेलं नाही.

तिथल्या कनिष्ठ सल्लागाराचं टाइमशीट डोळ्यांसमोर आणा. दिवसाचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लिहायचा. नवं सॉफ्टवेअर शिकण्यात तास गेला तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा? ग्राहकाला त्याचं बिल लावता येत नाही आणि बिल न लागलेले तास वाढले की वरिष्ठ विचारणार. म्हणजे शिकायचं तर स्वतःच्या वेळेत. बरं, शिकून घेतलं, तरी पुढे काय? त्या कंपनीत ठरावीक काळात बढती मिळाली नाही तर बाहेर पडावं लागायचं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हाच बढतीसाठीचा प्रतिस्पर्धी. आपल्याला माहीत असलेली आणि त्याला माहीत नसलेली गोष्ट हीच आपली जमेची बाजू. ती सामाईक डेटाबेसमध्ये स्वतःच्या हाताने कोण टाकेल?

बहुतेकांनी टाकली नाही. नोट्सचा वापर ईमेलपुरता, फाइल पाठवण्यापुरता राहिला. त्याच कंपनीत, तेच सॉफ्टवेअर काही जण मात्र मनापासून वापरत होते: बिलाच्या तासांचा जाच नसलेले तांत्रिक विभागातले लोक आणि बढतीची शर्यत मागे टाकलेले वरचे भागीदार. हे लोक स्वभावाने जास्त उदार होते असं मानायला काही आधार नाही. माहिती वाटून टाकण्याची किंमत त्यांना मोजावी लागत नव्हती, एवढाच फरक. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे म्हणायला इथे पूर्ण जागा आहे. आणि हा आड कर्मचाऱ्यांनी नव्हे, पगार-बढतीचे नियम लिहिणाऱ्यांनी खणलेला होता.

दुसरा मुद्दा, जितक्या जास्त कल्पना तितका जास्त फायदा, फार वेळ घेणार नाही. आयबीएमने २००६ मध्ये ऑनलाइन ‘इनोव्हेशन जॅम’ भरवला. १०४ देशांतले सुमारे दीड लाख लोक त्यात सहभागी झाले आणि ४६ हजारांच्या आसपास नोंदी आल्या. त्यातून कंपनीने १० कोटी डॉलर गुंतवायचं ठरवलं, म्हणजे उपक्रम वाया गेला असं कोणी म्हणणार नाही. पण नोंदींचा तो ढीग आपोआप कल्पनांमध्ये बदलला नाही. लोक एकमेकांच्या विचाराला जोड देत पुढे जातील ही अपेक्षा फारशी पुरी झाली नाही, बरेच जण आपापलं म्हणणं मांडून निघून गेले. निवड आणि जुळवाजुळव शेवटी वरिष्ठांनी बसून, वाचून केली. ते वाचायला वेळ देणारी, आणि वाचल्यावर पैसे सोडणारी माणसं आत होती म्हणून पुढचं घडलं.

तिसरा मुद्दा सर्वांत पटण्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच त्यावर जास्त बोलायला हवं: प्रश्न बाहेर मांडा, बक्षीस ठेवा, उत्तर मिळालं की झालं.

उत्तरं मिळतात, हे अगदी खरं आहे. २००९-१० मध्ये नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या एका विभागाने आपले अडलेले १४ प्रश्न इनोसेंटिव्हसारख्या, बक्षीस लावून प्रश्न मांडता येणाऱ्या ऑनलाइन मंचांवर जगासमोर ठेवले. त्यातला एक होता सौर कणांच्या वादळांचा अंदाज आधी कसा बांधता येईल हा. अंतराळवीरांच्या जिवाशी निगडित आणि वर्षानुवर्षं रेंगाळलेला. त्यावर उपयोगी पद्धत सुचवली एका निवृत्त रेडिओ-फ्रीक्वेन्सी अभियंत्याने. बक्षीस होतं ३० हजार डॉलरचं. ओपन इनोव्हेशनच्या, म्हणजे संस्थेबाहेरून उत्तरं आणण्याच्या, प्रत्येक सादरीकरणात ही गोष्ट इथपर्यंत सांगितली जाते आणि टाळ्या पडतात.

पुढची गोष्ट सांगितली जात नाही. हिला लिफशिट्झ-असाफ या संशोधिकेने नासाच्या त्या लोकांमध्ये सुमारे तीन वर्षं अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरून अशी उत्तरं आल्यावर आतल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांमध्ये उत्साहापेक्षा अस्वस्थता जास्त पसरली. आयुष्यभर ज्याला ‘अवघड प्रश्न सोडवणारा माणूस’ म्हणून ओळखलं गेलं, ज्याची पदवी, नेमणूक, मानमरातब सगळं त्यावर उभं आहे, त्याला आता सांगितलं जात होतं की प्रश्न नीट लिहून बाहेर पाठव आणि वाट बघ. काहींनी बाहेरच्या ज्ञानाला दारच उघडलं नाही. काहींनी वरवर सहभाग दाखवला आणि आलेलं उत्तर कामात उतरू दिलं नाही. ज्यांनी मनापासून स्वीकारलं त्यांच्यात एक गोष्ट समान होती: आपलं काम म्हणजे प्रश्न स्वतः सोडवणं नव्हे, तर उत्तर जिथे असेल तिथून शोधून आणणं, अशी त्यांनी स्वतःची ओळख नव्याने मांडली होती.

मंच तोच, बक्षिसं तीच, संस्था तीच. फरक पडला तो ‘इथे मान कशाला मिळतो’ या प्रश्नाच्या उत्तरामुळे. विरोध करणाऱ्या अभियंत्यांना हटवादी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. संस्थेनेच त्यांना दशकानुदशकं शिकवलं होतं की दुसऱ्याकडून उत्तर घेणं हे आपलं अपयश. ते शिकलेलं होतं, तेच दिसलं.

हे फक्त नासाचं नाही. राल्फ कॅट्झ आणि थॉमस अ‍ॅलन यांनी १९८२ मध्येच ५० संशोधन-विकास गटांच्या अभ्यासातून दाखवलं होतं की गटातली माणसं साधारण पाच वर्षांपेक्षा जास्त काळ एकत्र राहिली की बाहेरच्यांशी संवाद आटत जातो आणि कामगिरी घसरते. प्रॉक्टर अँड गॅम्बलने जेव्हा निम्मे नवे शोध बाहेरून आणायचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा कंपनीला आधी आपल्या लोकांसमोर हेच मांडावं लागलं की बाहेर सापडलेली गोष्ट आणणं अभिमानाचं आहे. प्रिंगल्सच्या चिप्सवर चित्रं छापण्याचं तंत्र त्यांना मिळालं ते इटलीतल्या बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीकडे.

चौथा मुद्दा म्हणजे ओपन सोर्सची साक्ष: तिथे ना साहेब, ना संस्था, ना संस्कृती, फक्त कोड बोलतो. ओपन सोर्सची बाजू घेऊन केलेलं हे विधान त्या लोकांच्या मेहनतीवर पाणी फिरवतं. डेबियन या स्वयंसेवकांच्या ओपन सोर्स प्रकल्पाने १९९७ मध्येच आपला सामाजिक करार लिहिला आणि त्यात ‘आम्ही अडचणी लपवणार नाही’ असं कलम घातलं. चुकांची नोंदवही सगळ्यांना उघडी ठेवायची, लाज वाटली तरी, हा सहकार्याचा नियम आहे आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने लादलेला नाही. लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, चालणाऱ्या प्रकल्पात २०१८ मध्ये त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या जहाल ईमेल्सबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कोडच बोलत असता तर याची गरज काय होती?

सर्वांत स्वच्छ उदाहरण ओपनऑफिस या ओपन सोर्स ऑफिस-सॉफ्टवेअरचं. २०१० च्या जानेवारीत ते चालवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी ओरॅकलकडे गेली. त्याच सप्टेंबरमध्ये स्वयंसेवकांचा मोठा गट बाहेर पडला आणि लिब्रेऑफिस सुरू झालं. दोन्हीकडे मूळ कोड एकच. निर्णय कोण घेणार आणि आपल्या कामाचं पुढे काय होणार यावरचा विश्वास मात्र उरला नव्हता, आणि माणसं त्या विश्वासामागे गेली.

इथे दावा करणाऱ्यांचं एक म्हणणं मान्य करायला हवं. साधन महत्त्वाचं असतं. २००० मध्ये सुरू झालेला न्यूपीडिया तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या छाननीतून जाणारा विश्वकोश होता, आणि बंद होईपर्यंत त्याचे मोजकेच लेख पूर्ण झाले. विकी, म्हणजे कोणालाही थेट लिहिता-सुधारता येणारं संकेतस्थळ, आलं आणि चित्र पालटलं. पण ते विकी जानेवारी २००१ मध्ये आधी न्यूपीडियासाठीच उभं केलं होतं. तिथल्या संपादक-परीक्षकांना ते रुचलं नाही, म्हणून काही दिवसांतच विकिपीडिया वेगळा करावा लागला. अर्धवट लेख जगासमोर ठेवायला ज्यांची हरकत नव्हती त्यांच्या हातात ते साधन फळलं.

राहिला शेवटचा मुद्दा: संस्कृती बदलत नाही, निदान टूल तरी बदलता येतं. मायक्रोसॉफ्टकडे पाहा. २००१ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर लिनक्सला कर्करोग म्हणाले होते. कंपनीत कर्मचाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रम लावण्याची पद्धत होती. संघ कितीही चांगला असला तरी कोणाला तरी खाली ढकलावंच लागायचं, मग मदत करणाऱ्याचा तोटा ठरलेलाच. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पद्धत बंद झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला प्रमुख म्हणून आले, नोव्हेंबरमध्ये डॉटनेट या कंपनीच्या प्रोग्रॅमिंग-व्यवस्थेचा गाभा खुला झाला, २०१८ मध्ये ओपन सोर्सवाले आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब ७५० कोटी डॉलरला घेतलं गेलं. एकामुळे दुसरं घडलं असा सरधोपट हिशेब मी मांडणार नाही, व्यवसायाची गणितंही बदलत होती. पण क्रमवारी बंद करताना मूल्यमापनात जे आणलं ते ध्यानात घ्यावं: स्वतःचं काम, इतरांच्या कल्पनांचा करून घेतलेला उपयोग, आणि इतरांच्या यशाला लावलेला हातभार. पुढच्या प्लॅटफॉर्मची मागणी मंजूर करणाऱ्यांनी त्याआधी आपल्याकडचा मूल्यमापनाचा फॉर्म उघडावा आणि त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी रकाना आहे का, ते पाहावं.