फाळक्यांच्या गावचा हिशेबनीस

भाच्याला मुंबईच्या एका ओटीटी कंपनीत नोकरी लागली. एमबीए करून लागली आणि पदाच्या नावात ‘स्ट्रॅटेजी’ आहे. एवढं निमित्त पुरलं. आमच्या नाशिकच्या कौटुंबिक ग्रुपवर नानामामांनी लिहिलं, “फाळक्यांच्या गावचा पोरगा सिनेमा काढायला नाही, सिनेमाला कात्री लावायला चालला.” खाली टाळ्याच टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले दोघे आणि एक सीए.

मी अमेरिकेत, हॉलिवूडजवळच्या बर्बँकला प्रॉडक्शन अकाउंटंट आहे, सिनेमाच्या खर्चाचा हिशेब ठेवते, म्हणजे ती कात्री माझ्याच पर्समध्ये असणार. फाळके स्मारकाची दुरवस्था झाली की हीच मंडळी महापालिकेच्या नावाने शंख करतात. इगतपुरीजवळची चित्रनगरी ‘होणार, होणार’ म्हणून वर्षानुवर्षं वाट बघतात. हे सगळं चालवणार कोण? देव हवा, पण देवळाचा जमाखर्च लिहिणारा दिसला की नाकं मुरडायची.

डिस्ने कंपनी चालवलेल्या बॉब आयगरचं उदाहरण मुद्दाम देते, कारण त्याचं नाव दिग्दर्शक म्हणून झालेलं नाही. काही काळ टीव्हीवर हवामान सांगितलं, 1974 मध्ये एबीसी वाहिनीत अगदी खालच्या पायरीवर लागला. 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये हवा उबदार झाली, स्पर्धा पुढे जाऊ लागल्या आणि प्रक्षेपणातला रिकामा वेळ भरायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याने ते निभावलं आणि वरच्यांच्या नजरेत भरला. 1996 मध्ये डिस्नेने एबीसी घेतली, तेव्हा तोही सामानाबरोबर आला. 2005 मध्ये कंपनीचा प्रमुख झाला.

त्याच वर्षी हाँगकाँगच्या डिस्नेलँडचं उद्घाटन होतं. मिरवणुकीत एकेक पात्र पुढे सरकत होतं आणि त्याच्या ध्यानात आलं, अलीकडच्या दहा वर्षांत लोकांनी डोक्यावर घेतलेली पात्रं पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओची आहेत, आपली नाहीत. पुढच्याच वर्षी त्याने 7.4 अब्ज डॉलरला पिक्सार घेतली आणि डिस्नेचं अ‍ॅनिमेशन पिक्सारच्या माणसांच्या हवाली केलं. स्वतः पेन्सिल घेऊन बसला नाही. नानामामा, मिरवणुका आपल्याकडे काय कमी निघतात? असं बघणारा डोळा किती जणांना असतो?

आता फाळके. मुंबईच्या भांडवलदारांबरोबर त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली, तीही नाशिकलाच. खर्चावरून, कामाच्या पद्धतीवरून भागीदारांशी बिनसलं. फाळके उठून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, पुढे परत आले. ग्रुपवर ही गोष्ट ‘पैसेवाल्यांनी कलावंताला छळलं’ अशीच सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं, की दोन्हीकडचं बोलणं समजणारं कुणी मधे नव्हतं. सुरुवातीला असं माणूस घरातच होतं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रेटला. इथे एवढ्या कामाला तीन खाती लागतात, युनियनचे दर असतात, तास वाढले की ओव्हरटाइम. त्या बाईंच्या नावाने ग्रुपवर कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही.

इकडे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. आयगर 2020 मध्ये पायउतार झाला, 2022 च्या नोव्हेंबरात परत आला आणि थोड्याच महिन्यांत 7 हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. 2023 मध्ये हॉलिवूडच्या लेखक-नटांच्या संपात त्यांच्या अपेक्षा अवास्तव आहेत म्हणाला. त्या वर्षीची त्याची स्वतःची कमाई 3 कोटी डॉलरच्या वर. मी हॉर्न वाजवून पाट्या धरलेल्यांना पाठिंबा द्यायचे. इथल्या डिस्नेच्या इमारतीचं छप्पर ‘स्नो व्हाइट’मधल्या सात बुटक्यांच्या पुतळ्यांनी तोलून धरलंय. त्यावर तेव्हा कानावर आलेले विनोद मी ग्रुपवर टाकले नाहीत. नानामामांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या!

मला राग आयगरच्या वतीने आलेला नाही, हे उघड आहे. नाशिकच्या बीवायके कॉलेजात बी.कॉम. केलं तेव्हा ‘बँकेच्या परीक्षा दे’ हा सल्ला नानामामांचाच. बँकेत हिशेब केले तर घराण्याचं नाव, सिनेमात केले तर कात्री. इथल्या सिनेमात आमचीही नावं पडद्यावर येतात, पार शेवटी, केटरिंगच्या आसपास. ताई माझं नाव बघायला नाशिकच्या थिएटरात गेली, तर नाव यायच्या आत दिवे लागले आणि झाडूवाला आत आला. तिने त्याला थांबवून ठेवलं. बाकी पब्लिक केव्हाच पार्किंगमध्ये.

आणि इथे तरी काय? कॉस्ट रिपोर्ट वेळेवर गेला की सगळे गोड बोलतात. पण लंचच्या टेबलावर मी फाळक्यांचं नाव काढलं की ‘इंटरेस्टिंग’ म्हणून सॅलडकडे वळतात. नाशिकला निदान त्या नावावरून भांडता येतं. म्हणून तर तो ग्रुप सोडवत नाही.

भाच्याने वेगळा मेसेज करून विचारलं, मावशी, आधी काय शिकू? म्हटलं, पेटी कॅश सांभाळायला शिक, आणि ऑफिसात कमी, सेटवर जास्त बस. म्हणाला, सेटवर जायला परवानगी लागते. मग माग की! दोघांची माग, नानामामांनाही ने. शूटिंग बघायची त्यांना भारी हौस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबवून ठेव मात्र, दीडशे ताटांचं बिल कोण चुकतं करतं ते बघू देत.