दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: मेटाडेटा शोधणाऱ्या टूलचे वर्णन लांब का आहे

सप्रेम नमस्कार.

आमच्या मेटाडेटा (डेटाबेसमध्ये कोणती नावे कुठे आहेत याची माहिती) शोधणाऱ्या टूलविषयी आपण सविस्तर अभिप्राय लिहिलात, त्याबद्दल आभार. टूलचे डॉक्युमेंटेशन पाल्हाळिक आहे, तेच ते पुन्हा सांगते, प्रत्येक क्वेरीआधी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याआधी, शोधाची जादा फेरी घ्यायला लावते, आणि एवढे करूनही आपल्या एआय एजंटने (टूल वापरून उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅमने) वास्कोच्या दुकानाची विक्री शून्य दाखवली, असे आपले आक्षेप आहेत. वर्णनातला अनावश्यक वाटलेला मजकूर आपल्या माणसांनी आधीच कापून टाकला होता, हेही आपण लिहिले आहे. शेवटच्या आक्षेपाचा उलगडा तिथेच होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मल्टिडायमेन्शनल डेटाबेसमध्ये प्रत्येक आकडा ठिकाण, काळ, माल अशा डायमेन्शनांतल्या (बाजूंतल्या) नेमक्या मेंबरांच्या, म्हणजे ‘वास्को’सारख्या नोंदींच्या, छेदावर बसलेला असतो, आणि मेंबरचे नाव चुकले तर पुढे काय होईल हे सर्व्हरच्या सेटिंगवर ठरते. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये न सापडलेला मेंबर दुर्लक्षित करण्याची सोय आहे. ती चालू असली की एमडीएक्स या अशा डेटाबेसच्या भाषेत लिहिलेली क्वेरी कोणतीही त्रुटी न दाखवता रिकामे उत्तर देऊ शकते. हिशेब पाहणारा माणूस रिकामी चौकट पाहून थबकतो, कारण वास्कोचे दुकान रोज उघडते हे त्याला ठाऊक असते. एजंटला ते ठाऊक नसते. तो रिकाम्याचे शून्य करतो आणि सफाईदार वाक्यात मालकाला सांगून मोकळा होतो. या कामातली सर्वांत घातक चूक मी हीच मानतो, कारण ती चूक म्हणून कुणाच्या नजरेलाच येत नाही.

गोव्यात तर नावांचा घोळ अधिकच. कुणी पणजी लिहितो, कुणी पंजिम. बिलावर मडगाव असते आणि जुन्या खात्यात मार्गाव. वास्को कुठे नुसते वास्को असते, कुठे वास्को द गामा. म्हणून आमचे टूल मेंबरचे दिसणारे नाव, युनिक नेम (डेटाबेसमधले त्याचे एकमेव पूर्ण नाव), लेव्हल आणि वरचा मेंबर एवढे सगळे परत देते, आणि क्वेरीत युनिक नेम जसेच्या तसे उतरावे, ते स्वतः रचू नये, असे वर्णनात बजावले आहे. काळाचेही तेच. ‘२०२४ ची पहिली तिमाही’ म्हणजे कॅलेंडर वर्षाचे जानेवारी ते मार्च, की आर्थिक वर्षाचे एप्रिल ते जून? दोन्ही हायरार्कींत (पातळ्यांच्या उतरंडींत) दिसणारे नाव एकच असू शकते. फरक कळतो तो युनिक नेमवरून.

सगळा मेटाडेटा एकदाच का देत नाही, असे आपण विचारले आहे. मालाच्या डायमेन्शनमध्ये मेंबर लाखांच्या घरात जाऊ शकतात. एजंटमागच्या भाषा-मॉडेलला एका वेळी वाचता येणारा मजकूर मर्यादित असतो, आणि फार लांब यादीत ते शेजारचे, सारखे दिसणारे नाव उचलण्याचा धोका असतो. म्हणून उत्तर तुकड्याने येते आणि आणखी नोंदी शिल्लक असल्यास तसे सांगते. आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पहिल्या तुकड्याखाली ‘आणखी नोंदी आहेत’ ही सूचना स्पष्ट दिसते, आणि लगेच खाली एजंटने मनाने रचलेले वास्कोचे नाव. अशी सूचना दिसल्यास ‘मेंबर नाही’ असा निष्कर्ष काढू नये, पुढचा तुकडा मागावा किंवा दुसऱ्या नावाने शोधावे, हे सांगणारे वाक्य कापलेल्या मजकुरात गेले होते.

पुनरुक्ती आम्ही विचारपूर्वक ठेवली आहे. एजंटला टूलांशी जोडणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटची रचना असते, आणि कोणते टूल वापरायचे हे एजंट बहुतांशी त्यावरूनच ठरवतो. नवा कारकून अडला तर शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटपाशी वर्णनाखेरीज विचारायला कुणी नसते. तो शोध वगळून थेट क्वेरीच्या टूलकडे जाऊ शकतो, म्हणून तीच ताकीद तिथेही दिली आहे. जादा फेरीविषयी सांगायचे तर, एकदा मिळालेले युनिक नेम त्याच संभाषणात पुन्हा शोधण्याची गरज नाही. हेही वर्णनात आहे.

माणसांना वाचण्यासाठी वेगळी, आटोपशीर पुस्तिका हवी, ही आपली मागणी मात्र रास्त आहे आणि ती आम्ही तयार करत आहोत. तोवर एक विनंती: मूळ वर्णन पूर्ण परत घालावे, न सापडलेल्या मेंबरविषयीची सर्व्हरची सेटिंग त्रुटी दाखवण्यावर ठेवावी आणि वास्कोचा तोच प्रश्न पुन्हा विचारावा. तरीही शून्य आले तर एजंटची संपूर्ण नोंद पाठवावी. आमचा अभियंता फोंड्याला आपल्या कार्यालयात येऊन आपल्याच क्यूबवर (मल्टिडायमेन्शनल डेटाबेसवर) तपासणी करेल, आणि त्याचे शुल्क आकारले जाणार नाही.

आपला विश्वासू,
संचालक, पर्वरी