कुळथाची पिठी आणि माझी तोंडपाटीलकी

पुतणसुनेनं पावसातल्या एका संध्याकाळी कुळथाची पिठी केली. लसूण, आमसूल, सगळं रीतसर. फक्त शेवटी तिनं नारळाचं दूध ओतलं आणि भाताऐवजी भाजलेल्या पावाबरोबर वाढली. घरच्या ग्रुपवर फोटो पडला आणि वेंगुर्ल्याहून दादा कडाडला, "ह्येका पिठी म्हणतत?" तीन दिवस झाले, आमच्या घराण्यात दोन तट पडलेत.

नॉर्वेतल्या बर्गनहून मी लगेच तिची बाजू घेतली. म्हटलं, दादा, तुझ्या फोडणीतली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. काजूही त्यांनीच आणला, पण काजूची उसळ पिढीजात म्हणून वाढताना तुझा हात कधी अडखळला नाही. इथली माणसं दर शुक्रवारी टाको खातात, म्हणून कुणाचा धर्म बुडाला नाही. (नाताळच्या पिन्नेशॉटला, म्हणजे खारवून वाळवलेल्या मेंढीच्या बरगड्यांना, मात्र कुणी हात लावू देत नाही, ते बर्चच्या काड्यांवरच वाफवायचं. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

दादाचं उत्तर आलं, "तुका थंय बसान बोलाक काय जाता?"

लागलं. कारण प्रयोग काय मी करत नाही? तिखल्याला बांगडा नाही, माक्रेल. तो जास्त तेलकट, म्हणून आमसुलं दोन वाढवतो. तिरफळं संपली की सेचुआन मिरी. शेवटी तीही तिरफळाच्याच कुळातली. मुलगी घावण्यावर ब्रुनोस्टचे, म्हणजे इथल्या तपकिरी गोडसर चीजचे, काप ठेवून खाते आणि मी कौतुकानं बघतो.

पिठीला मात्र सतरा वर्षांत हात लावलेला नाही. गावाहून आणलेला उकडा तांदूळ मी तिच्यासाठीच राखून ठेवतो. गुठळी झाली तर ओतून देतो, पुन्हा करतो. बाहेर पाऊस तिकडच्यासारखाच, आठ-आठ दिवस न थांबणारा. गरम पिठीभातावर तूप विरघळलं की खिडकीबाहेर बघायचं नाही, एवढंच पथ्य. एकदा मुलीनं विचारलं, "बाबा, यात थोडं क्रीम घालू?" मी मालवणीत खेकसलो. तिला शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्या दिवसापासून पिठी असली की ती ब्रेड खाते.

हे दादाला कोण सांगणार? आई गेल्यापासून पीठ तोच धाडतो.

काल त्याचा निरोप आला. भांडण चालू असलं तरी डबा निघालाय. या खेपेला कुळीथ सुनेनं भाजून दळून आणलेत आणि "वायच नाचणी घातली हा तिणा."

मी नुसता अंगठा दाखवला.